फुगाझी लाइव्ह सिरीज: एका बँडची सारी वाटचाल, मैफलीमागून मैफल

वॉशिंग्टनच्या फुगाझी या पंक रॉक बँडने १९८७ ते २००२ या काळात केलेल्या सुमारे हजार कार्यक्रमांपैकी आठशेहून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे जपून ठेवली आणि २०११ पासून ती ‘डिस्कॉर्ड’ या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने खुली केली. एका मैफलीची सुचवलेली किंमत पाच डॉलर आहे, पण श्रोत्याला एक ते शंभर डॉलरांपर्यंत आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवता येते. बड्या रेकॉर्ड कंपन्यांना नकार देऊन तिकीट शक्यतो पाच डॉलरांच्या आसपास ठेवणाऱ्या आणि सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश मिळावा असा आग्रह धरणाऱ्या या चौघांना हीच व्यवस्था शोभते.

ध्वनीचा दर्जा सारखा नाही. काही मुद्रणे स्वच्छ आहेत, तर जुन्या कॅसेटींवरची काही खरखरीत आणि दबलेली. मला मात्र तीही प्रिय आहेत. गाण्यांचा क्रम आधी ठरवलेला नसल्यामुळे जो लॅली यांचा बास आणि ब्रेंडन कँटी यांचे ड्रम एका गाण्यातून दुसऱ्यात कसे वळतात, हे दर वेळी नव्याने ऐकायला मिळते. गर्दीत धक्काबुक्की सुरू झाली की गायक-गिटारवादक इयन मकाय गाणे थांबवून संबंधितांना समज देतात, तेही मुद्रणात राहिले आहे. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध तोंडावर असताना, व्हाइट हाऊससमोरच्या लाफायेत पार्कमध्ये युद्धाविरुद्ध वाजवणारा हा बँड राजकारण केवळ शब्दांत मांडत नव्हता.

संग्रह अफाट असल्याने नवख्याने आधी स्टुडिओतले अल्बम ऐकावेत आणि मग एखादे वर्ष निवडून इथे यावे.