डबल डोअर फ्रिज, 20 महिने वापरल्यावर: फ्रिजपेक्षा वॉरंटीचाच अनुभव जास्त झाला

260 लिटरचा फ्रॉस्ट फ्री, 3 स्टार, 2024 च्या गुढीपाडव्याला घेतला, 9 एप्रिलला, 27,490 रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर सगळी चर्चा माझी कंपनी तुझी कंपनी अशीच होते. आणि खरं सांगायचं तर समोरच्या काकूंचा दुसऱ्याच कंपनीचा आहे, त्यांची पण थोड्याफार फरकाने हीच गोष्ट.

आधी फ्रिजबद्दल. आवाज नाही, बर्फ खरवडायची कटकट नाही, काचेचे शेल्फ मजबूत आहेत, कुकर ठेवला तरी वाकत नाही. भाजीचा ट्रे मात्र उगाच छोटा, एक मोठी मेथीची जुडी टाकली की संपलं. माझं घरून इडली-डोशाचं पीठ द्यायचं काम आहे, रोजचं 5-6 किलो, सोसायटीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या बायका घेऊन जातात, त्यामुळे फ्रिज बंद म्हणजे माझा धंदा बंद आणि वर आंबलेलं पीठ ओतून द्यायचं ते वेगळंच. पहिले नऊ महिने एक शब्द बोलायला जागा नव्हती, तेवढ्यात चार जणींना सांगून पण झालं की हाच घ्या.

जानेवारीत दूध नासायला लागलं. आधी वाटलं दार नीट लागत नसेल. सासूबाईंनी बाजूला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, अगं हा गारच आहे, आधी कसा कोमट लागायचा. तेव्हा मला माहीत नव्हतं पण त्यांचं बरोबर निघालं, हल्लीच्या बऱ्याच फ्रिजला मागे ती काळी जाळी नसते, गॅसचे पाइप बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, फ्रिज चालू असला की बाजू कोमट लागते. बाजू गार, कॉम्प्रेसर मात्र थांबायचं नाव घेत नाही आणि आत थंडावा नाही, म्हणजे बहुतेक गॅस गेलेला.

टोल फ्रीवर कंप्लेंट केली, मुलगा आला, गॅस भरला, पैसे घेतले नाहीत, वॉरंटीत होतं. जाताना म्हणाला ताई मोबाइलवर ओटीपी आलाय तो सांगा. मी सांगितला. इथे पहिली चूक. तो ओटीपी म्हणजे "काम झालं, मी समाधानी आहे" अशी तुमची सही असते, कंप्लेंट त्याच्यावर बंद होते. गॅस का गेला, लीकेज कुठे होतं, हे त्याने बघितलंच नव्हतं, मी पण विचारलं नाही. पाच आठवड्यांनी परत तेच. परत गॅस, परत ओटीपी, परत मी शहाणी सांगून मोकळी.

तिसऱ्यांदा 28 मार्चला बंद पडला. त्याच दिवशी कंप्लेंट टाकली, नंबरचा मेसेज आला. पाडवा मध्ये, मग माणूस नाही, मग उद्या येतो, असं करत करत तो उगवला 12 एप्रिलला, आणि दारातूनच म्हणतो, ताई वॉरंटी 8 तारखेला संपली, आता गॅस चार्जिंग 2,800. मी म्हटलं दादा, कंप्लेंट 28 मार्चची आहे, तुम्ही उशिरा आलात तर तो माझा गुन्हा का? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, सिस्टीममध्ये असंच दाखवतंय म्हणाला. मग मशीन लावून बघितलं तर बॉडी लीकेज. म्हणजे आतल्या पाइपला पफच्या (थंडावा टिकवणाऱ्या फोमच्या थराच्या) मागे कुठेतरी बारीक छिद्र, ते उघडताच येत नाही, कितीही गॅस भरा, महिन्याभरात जाणारच. मग आधीच्या दोन वेळेला काय केलं होतं असं विचारल्यावर तो म्हणाला तेव्हा मी नव्हतो, दुसरा मुलगा होता.

आणि तो 10 वर्षांचा स्टिकर! दारावर एवढा मोठा लावलेला असतो ना, 10 वर्षं वॉरंटी. ती फक्त कॉम्प्रेसरची. म्हणजे कॉम्प्रेसर हा पार्ट तेवढा फुकट, गॅस, मजुरी, नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा, आणि माझा कॉम्प्रेसर तर ठणठणीत होता म्हणून त्या 10 वर्षांचा काडीचा उपयोग नाही. दुकानात कोणी हे सांगत नाही, कार्डवर बारीक अक्षरात असतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं, चष्मा लावून.

दुकानदार म्हणाला आमचा संबंध नाही, कंपनीशी बोला. हे सगळेच म्हणतात पण ग्राहक आयोगातल्या तक्रारीत विकणारा आणि बनवणारा दोघांनाही पार्टी करता येतं. आणि बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असतं त्यालाही घाबरू नका, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं स्पष्ट लिहिलंय. माझे 30 दिवस कधीच गेले होते म्हणून मला उपयोग नव्हता, पण नवीन वस्तू घेतलेल्यांनी लक्षात ठेवा.

मग 1915 वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर दिला, मी बिलाचा आणि तिन्ही कंप्लेंटच्या मेसेजचे फोटो टाकले. बिल थर्मल कागदावरचं, पार पुसट झालेलं, नशीब मुलाने घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवला होता. चार दिवसांत कंपनीतून फोन, जे तीन महिने टोल फ्रीवर घसा कोरडा करून झालं नव्हतं. पण ऑफर काय, तर जुना फ्रिज घेऊन नवीन देऊ, वापराची घट म्हणून 9,000 रुपये तुम्ही भरा. मी नाही म्हटलं. मग लेखी उत्तर आलं की फ्रिज व्यावसायिक वापरात आहे म्हणून वॉरंटी लागू नाही!! का तर 12 एप्रिलला आलेल्या दादांनी आत पिठाचे डबे बघून जॉब शीटवर "कमर्शियल यूज" लिहून ठेवलेलं. मी न वाचता सही केली होती. दुसरी चूक.

इथे मी जरा हबकले. रात्री झोप नाही. पुन्हा 1915 ला फोन, मग ग्राहक पंचायतीचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, पोट भरायला स्वतःच्या हाताने केलेल्या कामासाठी वस्तू वापरली तर कायदा त्याला व्यापारी कारण मानत नाही, तू ग्राहकच आहेस. कंपनीच्या कार्डवर "घरगुती वापर" असं लिहिलंय तो मुद्दा ते मांडतील, मांडू देत, पण पाइपला छिद्र पिठाने पडत नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की नोटिशीत जसंच्या तसं टाकलं.

हो, नोटीस मीच लिहिली, वकील नाही. दोन पानं, तारखांसकट, कंपनी आणि दुकान दोघांना रजिस्टर एडीने, 15 दिवसांची मुदत. खाली लिहिलं की नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाते. आणि खरंच जाणार होते, कारण तिथे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य आहे, वकील लागत नाही, जिथे राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनीच्या दिल्ली-गुडगावला जायला नको, आणि ऑनलाइन ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून भरता येतं. 2 वर्षांच्या आत टाकावी लागते एवढंच. कायद्यात 3 महिन्यांत निकाल, लॅब टेस्टिंग लागलं तर 5, असं लिहिलंय, पण काका म्हणाले कागदावरच्या महिन्यांवर जाऊ नकोस, तारखा पडतात. म्हणून 1915 वर मिटलं तर बरं, फक्त त्यांना कोर्टाचे अधिकार नाहीत, ते कंपनीला विचारू शकतात, भाग पाडू शकत नाहीत.

अकराव्या दिवशी फोन. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवीन फ्रिज, तेच मॉडेल, एक रुपया न भरता. मधल्या काळात शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये डबे ठेवून धंदा चालवला, त्या दोन महिन्यांचं नुकसान मागायचं राहूनच गेलं, एवढी दमले होते. घरी येणाऱ्या मेकॅनिकने मागे बाहेरून जाळी लावून साडेतीन हजारात करून देतो म्हटलं होतं, काम ते पण होतं म्हणे, पण कंपनीची केस चालू असताना बाहेरच्या माणसाने हात लावला की संपलं, म्हणून थांबले.

बदलून देताना ईमेलवर लिहून घ्या की आता वॉरंटी कधीपासून. मला उत्तर आलं की कॉम्प्रेसरची पहिल्या खरेदीपासूनच, बाकी पार्ट्सची 3 महिने. पटलं नाही, भांडायची ताकद नव्हती.

आता डिसेंबर, नवीन पीसला सहा महिने झाले. थंडावा मस्त, बिल परत पूर्वीसारखं, मधल्या काळात कॉम्प्रेसर सतत चालून महिन्याला दोन-अडीचशे वाढलं होतं. सासूबाई अजून रोज सकाळी दूध काढताना बाजूला हात लावून बघतात. फ्रिजला 4 स्टार देते, सर्व्हिसला 1, तो पण तिसऱ्या मुलाने खरं काय ते सांगितलं म्हणून.

गेल्या महिन्यात भाजीच्या ट्रेची क्लिप तुटली. पार्ट पैसे भरून घ्यायचा, 180 रुपये, ठीक आहे. माणूस आला, क्लिप आणलीच नव्हती, फोटो काढला, म्हणाला ऑर्डर टाकतो, ताई तेवढा ओटीपी द्या. म्हटलं क्लिप लावा, मग देते. तीन फोन येऊन गेले ओटीपीसाठी. क्लिप अजून आलेली नाही, ओटीपी पण माझ्याकडेच आहे.