पायऱ्यांवरून जड सामान: हातांनी की बांबूवर?

गोव्यातल्या डिचोलीसारख्या चढउताराच्या गावात टेम्पो रस्त्यापर्यंतच येतो. पुढे चिऱ्यांच्या पायऱ्या, आणि वॉशिंग मशीन उचलायला दोन माणसं. तळाला हात घालून न्यायचं, की सुंभाने बांबूला टांगून खांद्यावर घ्यायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. सपाटीवर हातच बरे, बांधाबांध वाचते.

पायऱ्यांवर मात्र हातांनी नेताना एक कटकट होते आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. खालच्या बाजूला असलेला भाचा सारखा विचारायचा, "मामा, तुम्ही धरलंय ना?" मी धरलेलंच असायचं. पण 60 किलोचं मशीन तळाशी धरून पायऱ्यांच्या उताराइतकं, समजा 30 अंश, कललं की त्याचा गुरुत्वमध्य खालच्याच्या बाजूला सरकतो. नेहमीची मापं धरून हिशेब केला तर खालच्याकडे 50 किलोच्या वर जातं आणि वरच्याकडे 10 सुद्धा उरत नाही. म्हणजे पोराचा संशय अगदीच खोटा नव्हता! मशीन उभंच ठेवलं तर वाटणी सारखी राहते, पण मग वरच्याने कमरेतून वाकून उलट पावली चढायचं. पावसात, शेवाळलेल्या चिऱ्यांवर.

बांबूचं तसं नाही. वजन मधोमध एका गाठीला लोंबत असलं की बांबू तिरपा झाला तरी दोन्ही खांद्यांवर निम्मंनिम्मंच येतं. एक उंच, एक बुटका असला तरी तेच. शिवाय दोघांचीही तोंडं पुढे. फक्त गाठ पेराच्या फुगीर कड्याला लागून, त्याच्या चढाकडच्या बाजूला मारा, नाहीतर ती घसरत खालच्याकडे जाते आणि भाचा पुन्हा सुरू होतो.

बांबूचा खरा दोष म्हणजे झोके. दोघांची पावलं जुळली की ओझं डावीउजवीकडे डुलायला लागतं. स्ट्रेचर नेणाऱ्यांना शिकवतात तसं करा: पुढच्याचा डावा पाय, तेव्हा मागच्याचा उजवा. हे जरा जड जातं, कारण एकाच दांड्याखाली पावलं आपसूक जुळायला बघतात. बांबू लवतो त्यामुळे खांद्याला धक्के कमी बसतात; दम मात्र तेवढाच लागतो, निदान मला तरी.

अरुंद वळणावर आणि दाराच्या चौकटीत बांबू अडतोच, तिथून पुढे हातांनीच न्यावं लागतं. पाचसहा पायऱ्यांसाठी बांबू शोधत बसू नका. जास्त असतील तर जाड, सुकलेला बांबू आणि खांद्यावर घ्यायला दुमडलेलं पोतं टेम्पो यायच्या आधीच काढून ठेवा.