भाड्याची कॅम्परव्हॅन, स्कोगाफॉसचा पायथा आणि रात्री अडीचला रुसलेला हीटर

व्हॅन परत करताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, सगळं ठीक होतं ना? ताई म्हणाली, "हो हो, मस्त." मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन स्वेटर, कानटोपी आणि वरून टॉवेल गुंडाळून "पुन्हा कधी मला असल्या ट्रिपला नेऊ नकोस" म्हणणारी हीच बाई. म्हणून हे मीच लिहायला बसले.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघी बहिणींनी आइसलँडमध्ये सहा दिवसांसाठी छोटी डिझेल कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. कंपनीचं नाव घालत नाही, कारण खोट त्यांच्या गाडीत कमी आणि गाडी ताब्यात देतानाच्या घाईत जास्त होती. दहा मिनिटांत सगळं दाखवून झालं. त्यातली पाच मिनिटं दरवाजावर गेली. तिथला वारा उघडलेलं दार हिसकावून बिजागरीसकट वाकवतो आणि बहुतेक विम्यांत ते नुकसान धरत नाहीत, म्हणून दार दोन्ही हातांनी धरूनच उघडायचं. हे त्यांनी सांगितलं ते बरंच झालं. हीटरबद्दल मात्र "हे बटण दाबा" एवढंच.

गाडी चालवायला सोपी. ताईचा डावा हात पहिला अख्खा दिवस गिअर शोधत दाराच्या हँडलवर आपटत होता, पण तो दोष गाडीचा नाही. मागे दोघींना पुरेल असा पलंग, त्याखाली सामान, आणि मागचं दार वर उचललं की छोटा ओटा: सिंक, एका बर्नरची शेगडी, वरून उघडणारा फ्रिज. गादी खरंच चांगली. माझी कंबर कुरकुरणाऱ्यांतली आहे, ती सहा दिवस गप्प होती.

व्हॅन घेतली की वाटेल तिथे थांबून झोपता येतं असं मलाही वाटायचं. तसं नाही. कॅम्परव्हॅनमध्ये रात्र काढायची तर कॅम्पसाइटवरच, नाहीतर जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. त्यामुळे आमचा सगळा मार्ग कॅम्पसाइट बघून ठरला, आणि त्यातली ज्या एका रात्रीसाठी एवढे पैसे मोजले ती होती स्कोगाफॉस धबधब्याजवळची. तिथे तंबू आणि व्हॅन लावायची हिरवळ धबधब्याच्या अगदी पायथ्याशी आहे. गादीवर पडल्या पडल्या मागच्या काचेतून साठ मीटर उंचीचं पाणी दिसतं. दिसतं म्हणजे, काचेवर वाफ धरेपर्यंत.

त्या दिवशी दुपारी आम्ही सेल्यालंड्सफॉस या दुसऱ्या धबधब्याला होतो, पाण्याच्या मागून चालत गेलो, नखशिखान्त भिजलो. तिथून स्कोगाफॉस जेमतेम तीस किलोमीटर. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

रात्री दोनएक अंश तापमान असेल. हीटर लावला, व्हॅन दहा मिनिटांत उबदार. दोघींचे फोन चार्जिंगला, फ्रिज चालू, ओले हातमोजे हीटरच्या झडपेसमोर. ताई म्हणाली, "अगं, हॉटेलात काय वेगळं असतं?" अडीच वाजता मला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. हीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. बटण दाबलं की पंखा जरासा घुरघुरायचा आणि गप्प. तीनदा, चारदा तेच.

कारण सकाळी कंपनीला फोन केल्यावर कळलं. हा हीटर जाळतो डिझेल, तेही गाडीच्याच टाकीतलं, आणि टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. पण त्याचा पंखा आणि इंधनाचा पंप चालतात मागच्या वेगळ्या बॅटरीवर, आणि पेट घेताना तर तो भरपूर करंट ओढतो. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो स्वतःहून बंद होतो. त्याच बॅटरीवर फ्रिज आणि आमचे फोन. ती भरते गाडी चालताना, आणि आम्ही दुपारनंतर चालवली होती तीसच किलोमीटर! फ्रिज बंद ठेवला असता तरी निभावलं असतं. बाहेर दोन अंश असताना आत फ्रिज चालू ठेवणाऱ्या आम्ही दोघी शहाण्याच, पण हे एक वाक्य चावी देताना सांगायला काय झालं होतं? इंजिन सुरू करावं असं मी म्हटलं, तर ताई म्हणे शेजारी तंबूत माणसं झोपलीत, गप पड.

कंपनीने दिलेली पांघरुणं हीटर चालू असेल तरच पुरतात. माझ्याकडे स्वतःची स्लीपिंग बॅग होती म्हणून मी तरले. तीही घेताना मी फसलेच होते. लेबलवर दोन आकडे असतात, एक आरामात झोप लागण्याचा आणि दुसरा कशीबशी रात्र काढण्याचा. मी दुसराच वाचून घेतली होती.

साडेसहाला झोपेचा नाद सोडला. आतून काचांवर पाण्याचे ओघळ. दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासाचं पाणी. खिडकी बोटभर उघडी ठेवायला हवी होती, पण कुडकुडताना ते सुचत नाही. मागचं दार उचलून शेगडी पेटवली तर ज्योत निळी आणि मरतुकडी. डब्यात ब्युटेन होतं. ते शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशालाच उकळायचं थांबतं, म्हणजे दोन अंशांत त्याला जेमतेम जोर राहतो. डबा पंधरा मिनिटं जॅकेटच्या आत काखेत धरला तेव्हा कुठे कॉफीपुरतं पाणी तापलं. प्रोपेन मिसळलेला डबा मागून घ्या, तो असल्या थंडीत रडत नाही.

मग कप हातात धरून आम्ही धबधब्याकडे गेलो. काळ्या खड्यांच्या सपाट पात्रातून थेट पाण्यासमोर जाता येतं, मध्ये काही नाही. आदल्या संध्याकाळी इथे रंगीत रेनकोटांची जत्रा होती. आता फक्त आम्ही दोघी. पंचवीस मीटर रुंदीचं पाणी एकसंध खाली येतं आणि आदळल्यावर स्वतःचाच वारा सोडतं; तो तोंडावर येतो, बारीक गार फवाऱ्यासकट. चष्म्याचा उपयोग शून्य. ताई काहीतरी बोलत होती, तिचे ओठ तेवढे हलताना दिसले. हा कडा म्हणजे जुना समुद्रकिनारा आहे, समुद्र आता सुमारे पाच किलोमीटर मागे सरकलाय. बाजूच्या पाचशेहून जास्त पायऱ्या चढून वर गेलो तेव्हा ते पटलं: खाली आमची व्हॅन आगपेटीएवढी, पुढे सपाट माळ आणि दूर करड्या पाण्याची रेघ. धबधब्यामागे थ्रासी नावाच्या माणसाने सोन्याची पेटी लपवलीय अशी तिथली दंतकथा आहे. त्या घटकेला मला कोणी पेटी आणि चालू हीटर यातलं एक निवड म्हटलं असतं तर विचारही केला नसता.

उतरलो तेव्हा पहिली बस लागत होती. जवळजवळ तासभर धबधबा आमचा एकटीदुकटीचा होता, आणि तो हॉटेलात राहून मिळाला नसता. पुढच्या वीक गावापर्यंत गाडी चालवली तेवढ्यात हीटर पुन्हा सुरू झाला, जणू रात्री काही घडलंच नाही. पुढच्या रात्री फ्रिज बंद, फोन दिवसा चालत्या गाडीत चार्ज, खिडकी बोटभर उघडी. काही त्रास नाही.

कंपनीला सविस्तर मेल लिहिली. त्यांनी वाद न घालता एका रात्रीचं भाडं परत केलं, हे सांगायलाच हवं. पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा गादीचा.