‘सेंद्रिय बोकड’ म्हणून 1,400 रुपये किलोने आलेलं म्हातारं मटण

‘थेट शेतकऱ्याकडून सेंद्रिय मटण’ अशा जाहिराती सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जोरात फिरताहेत. त्यातल्याच एकाने आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांना टोपी घातली. पैसे गेले ते गेले, पण हे लोक गळाला लावतात कसे, ते सविस्तर लिहिते.

जाहिरातीत उस्मानाबादी बोकड, वय वर्षाच्या आतलं, माळरानावर चरलेला, इंजेक्शन नाही की केमिकल नाही. सोबत काळ्याभोर बोकडांचे फोटो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तेव्हा बोकड 800 रुपये किलो होता, हे 1,400 घेत होते. पैसे तीन महिन्यांचे आगाऊ, मटण दर रविवारी घरपोच. गोठवलेलं, तुकडे केलेलं, हवाबंद पाकिटात. पाकिटावर हिरवं पान छापलेलं, पण अन्नसुरक्षेचा 14 आकडी परवाना क्रमांक कुठेच नाही. मांसाहारी पदार्थाची तपकिरी खूणही नाही.

कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी मटण चामड्यासारखं. चरबी पिवळसर, आणि रश्श्याला खवट वास. फोन केला तर माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार. “ताई, तुम्हाला गोठ्यात बसवून खुराक चारलेल्या बोकडाची सवय झालीये. चरणाऱ्या जनावराचं मांस घट्टच असतं.” चरबीचं विचारलं तर म्हणाला, “हिरवा चारा खाल्ला की चरबी पिवळी होणारच. गाईचं तूप नाही का पिवळं?”

या उत्तरांत थोडं खरं मिसळलेलं असतं, तिथेच माणूस फसतो. चरणाऱ्या शेळीच्या अंगावर चरबी कमी असते आणि मांस जरा गडद असतं, हे खरंच. पण वर्षाच्या आतला बोकड कितीही डोंगर चढला तरी त्याचं मटण इतकं चिवट होत नाही. चिवटपणा येतो तो मुख्यतः वयाने. शिवाय कापल्या कापल्या मांस थेट डीप फ्रीजरमध्ये टाकलं, तर स्नायू आखडतात आणि कोवळं मटणही कडक होतं. गाईच्या तुपाचा दाखला तर शेळीला लागूच पडत नाही. हिरव्या चाऱ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचं शेळी ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र आणि चरबीही पांढरी. आमच्या पाकिटातली पिवळी चरबी होती ती फ्रीजरमध्ये पडून पडून खवट झालेली.

एक पाकीट मी मंडईतल्या आमच्या नेहमीच्या खाटीकदादांकडे नेलं. त्यांनी आधी नळीच्या हाडाचं टोक बघितलं. मग स्वतःकडच्या बोकडाची नळी शेजारी ठेवली. त्यांच्याकडची टोकाला लालसर, मऊ, कुर्चा अजून हाडात न मुरलेली. माझ्या पाकिटातली पांढरीफटक, गुळगुळीत आणि दगडासारखी टणक. “ताई, जुळलेलं जनावर आहे हे. भाकड शेळी असंल. बोकडाला इतकी वर्षं कोण सांभाळतंय?” जुळलेलं म्हणजे पुढचे आठही कायमचे दात आलेलं. आणि त्यांचा हिशेब बिनतोड आहे. पैदाशीचा सोडला तर बोकड लहानपणीच बाजारात जातो, म्हातारी होईपर्यंत राहते ती शेळी.

दुकानात धड टांगलेलं असतं तेव्हा शेपटी मुद्दाम ठेवतात. शेळीची आखूड, वर उचललेली आणि मेंढीची खाली लोंबणारी. बोकडाची नर असल्याची खूणही ठेवलेली असते. पुण्यात हे बघावंच लागतं, कारण बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, त्यांना मेंढीचंच लागतं. तुकडे करून गोठवलेल्या पाकिटात यातलं काहीच उरत नाही.

मग मी प्रमाणपत्र मागितलं. आलं, लगेच आलं! शिक्का, सही, मुदत, सगळं जागच्या जागी. पण सोबतच्या यादीत डाळिंब, शेवगा, ज्वारी. जनावराचं नाव नाही. प्रमाणपत्र एका शेतकरी गटाचं होतं. त्या गटातल्या एका शेतकऱ्याचा नंबर मिळवून विचारलं, तर ते चक्रावलेच. “शेळ्या हायेत की घरच्या चार. पण आम्ही त्या आठवड्याच्या बाजारात इकतो, पुण्याला कुणालाच देत न्हाई.” शेत सेंद्रिय म्हणून तिथली शेळी आपोआप सेंद्रिय ठरत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात जनावरांचे निकष वेगळे आहेत. त्यात चारा, निवारा, औषधोपचाराच्या नोंदी सगळं येतं. लस चालते, संप्रेरकं चालत नाहीत.

हे तोंडावर फेकल्यावर शेवटची पळवाट निघाली, “छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सूट आहे, ताई.” सूट आहे, पण ती स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला. हा तर मधला दलाल.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की मटण सेंद्रिय आहे की नाही हे डोळ्यांना, जिभेला कळतच नाही. शेळीचं की मेंढीचं हे डीएनए तपासणीत कळतं, हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत ती सोय आहे. औषधाचे अंशही प्रयोगशाळेत सापडतात. पण सेंद्रिय ही वाढवण्याची पद्धत आहे, ती कागदावरच सिद्ध होते. म्हणून कागद मागाल तेव्हा उत्पादनांची यादी, नाव आणि मुदत वाचा, नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातली बहुतेक शेळी बांधावरचा पाला आणि बाभळीच्या शेंगा खाऊनच वाढते. तसलाच बोकड तेव्हा आमच्या कोपऱ्यावर 800 ने मिळत होता.

आगाऊ पैसे परत मागितल्यावर त्याने मला ग्रुपमधून काढलं. पाकिटांचे फोटो, पैसे भरल्याच्या नोंदी आणि चॅट मी काढून ठेवले होते, ते जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली आहे. तुमचेही पैसे अडकले असतील तर चॅट पुसण्याआधी एवढं करा. त्याच नंबरावरून आता ‘सेंद्रिय गावरान कोंबडी’ सुरू झालीये, पैसे या वेळी सहा महिन्यांचे आगाऊ.