टेबलावर शेगडी होती, धग नव्हती

गंगापूर रोडवरच्या एका बार्बेक्यू रेस्टॉरंटात रविवारी रात्री घरचे सगळे गेलो होतो. भाचीचा दहावीचा निकाल लागला होता आणि जागा तिनेच निवडली होती. माणशी साडेआठशे रुपये, कितीही खा. नाव मुद्दाम लिहीत नाही, पण चुका लिहितो, कारण अशा जागा आता नाशकात बऱ्याच झाल्यात आणि या चुका कुठेही होऊ शकतात.

एवढे पैसे माणूस देतो ते समोर निखाऱ्यावर भाजलेलं गरम गरम खायला मिळावं म्हणून. टेबलाच्या मधल्या खड्ड्यात पोराने शेगडी आणून ठेवली, तर कोळसे वरून काळेच. तळाशी एखाददुसरा लाल दिसत होता. कोळशावर राखेचा पांढुरका थर धरेपर्यंत दम धरावा लागतो. तोवर धूर कमी होतो आणि धग सगळीकडे सारखी लागते. त्याआधी वर काही ठेवलं तर ते भाजत नाही, नुसतं धुरकटतं. पावसाळ्यात सोमेश्वरला कणसं भाजणाऱ्या मावशी पुठ्ठ्याने वारा घालत बसतात आणि निखारा फुलल्याशिवाय कणीस ठेवत नाहीत. वीस रुपयांच्या कणसाला जी काळजी मिळते ती इथे मिळाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

शिगा आल्या त्या आतून शिजवूनच. त्याला माझी हरकत नाही. चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापायलाच हवं आणि टेबलावरच्या शेगडीवर तेवढी खात्री देता येत नाही, म्हणून हॉटेलवाले आधी शिजवून घेतात. पण मग शेवटची कड तरी निखाऱ्यावर लागायला हवी ना? टिक्का बाहेरून लालभडक, आतून पांढराफटक, खमंगपणा औषधालाही नाही. तंगडी तर हाडाजवळ कच्चट निघाली. परत पाठवली, तर बदलून आणलेली चक्क तळलेली होती. तेलाच्या वासावरूनच कळलं.

मटण सीख तोंडात घातल्याबरोबर पीठ झाली. कच्च्या पपईने मटण मऊ होतं, पण ती जास्त झाली किंवा मसाला लावून खूप वेळ ठेवलं की मांसाचा धागाच राहत नाही. आपल्याकडच्या माणसाला काळ्या मसाल्याच्या रश्शातलं मटण दाताखाली कसं लागायला हवं हे चांगलं ठाऊक असतं. त्याला असा लगदा वाढू नये.

आता आईचं सांगतो, कारण राग मला त्याचाच जास्त आला. आई शाकाहारी. फोनवर टेबल सांगताना मी हे सांगितलं होतं आणि ‘सर, व्हेजची शेगडी वेगळी असते’ असं उत्तरही मिळालं होतं. शेगडी एकच होती. मध्ये पट्टी टाकून दोन भाग केलेले, तेही चालवून घेतलं. पण वाढणाऱ्या मुलाने चिकनवर बटर फिरवलेला ब्रश तसाच आईच्या पनीरवर फिरवला. आईने ताट हळूच बाजूला सारलं आणि ‘मला भूक नाही रे’ म्हणाली. भूक होती, दुपारी ती नीट जेवलीसुद्धा नव्हती. मग तिने दहीभात मागवला. तो मात्र चांगला होता, आणि मॅनेजरने स्वतः येऊन माफी मागितली हेही सांगायला हवं. त्या मुलाला मी दोष देत नाही. सहा टेबलं एकट्याने सांभाळत होता बिचारा, दुसरा ब्रश त्याच्या हातात कुणी दिलाच नव्हता.

रात्रीतला एकच पदार्थ जमला, तो म्हणजे तिखट लावून भाजलेला अननस. फळातली साखर थोड्या धगीवरही तांबूस होते, त्यामुळे तो त्या मेलेल्या कोळशांवरही खरपूस झाला. भाचीने तोच परत परत घेतला.

बिलात ५ टक्के जीएसटीच्या वर सर्व्हिस चार्ज लावला होता. तो देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तो आपोआप लावायला मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. शांतपणे एवढं सांगितलं, तर काउंटरवरच्या माणसाने वाद न घालता तो काढला. कुणी अडून बसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

अशा जागी जाणार असाल तर शेगडी टेबलावर आली की आधी कोळसे बघा. काळे असतील तर बदलून मागा, संकोच करू नका. घरात कुणी शाकाहारी असेल तर वेगळ्या शेगडीबरोबर वेगळा ब्रश आणि चिमटाही आधीच मागून घ्या, आणि पहिली शीग ठेवायच्या आत ते टेबलावर आलेत का ते बघा.