मॉक इंटरव्ह्यूचे साडेचार हजार: निम्मे वसूल

कारखान्यातली क्वालिटीची, म्हणजे मालाचा दर्जा सांभाळायची नोकरी मी 2018 साली सोडली, सासूबाईंच्या आजारपणामुळे. परत अर्ज करायला लागले तेव्हा फोनवरच पहिला प्रश्न यायचा, "मॅडम, एवढी गॅप का?" आणि उत्तर देता देता माझा आवाज माफी मागितल्यासारखा व्हायचा. म्हणून पुण्यात डेक्कनजवळच्या एका इंटरव्ह्यू क्लासचं पॅकेज घेतलं. एक ग्रुप सेशन, दोन मॉक इंटरव्ह्यू आणि रेझ्युमे दुरुस्ती, मिळून 4,500 रुपये. वर जीएसटी, जो पावती हातात पडल्यावर कळला. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत.

ग्रुप सेशनमध्ये सगळी आयटीची मुलं. सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट ही चौकट शिकवली. ती वाईट नाही, पण फळ्यावर लिहिलेली उत्तरं सगळ्यांना एकच. वीकनेस विचारला की "मी परफेक्शनिस्ट आहे", कंपनी का सोडली तर "ग्रोथसाठी". शेजारी बसलेल्या चौघांनी तेच म्हणून दाखवलं. मी रिजेक्ट झालेल्या लॉटची गोष्ट सांगितली, तर ट्रेनरबाई म्हणाल्या, टेक्निकल कमी करा. क्वालिटीच्या इंटरव्ह्यूत टेक्निकल कमी करून राहतं काय?

पैसे वसूल झाले ते पहिल्या मॉकमध्ये. घ्यायला होते चाकणच्या एका प्लांटमधून रिटायर झालेले क्वालिटी हेड. हातात पेन्सिल, चेहऱ्यावर काही नाही. "एक कस्टमर कम्प्लेंट सांगा." मी सांगितली: ब्रॅकेटच्या होलची पोझिशन आउट, कस्टमरची लाइन थांबली, आम्ही रात्रभर त्यांच्याकडे बसून सॉर्टिंग केलं. सर म्हणाले, "हे एट-डीमधलं (तक्रार निस्तरायच्या ठरलेल्या पायऱ्या) डी-थ्री झालं, तात्पुरता बंदोबस्त. रात्रभर जागलात याचे मार्क नाहीत. पुढे?" मग पार्ट जागेवर धरणाऱ्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजली होती इथपर्यंत आले. तर म्हणे, "झिजणारच. ती झिजल्याचं पार्ट जाण्याआधी का कळलं नाही? कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी तपासायचं त्याचा तक्ता) काय बदललं? आणि यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?" पिनची तपासणी दर शिफ्टच्या सुरुवातीला मी लावून घेतली होती. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तोच मी सांगत नव्हते.

गॅपबद्दल ते म्हणाले, कारण एका वाक्यात सांगा: घरी आजारपण होतं, आता ती जबाबदारी नाही. लगेच पुढे जा. पुढे म्हणजे कुठे, तर मधल्या वर्षांत आपल्या कामात काय बदललं तिथे. 2019 मध्ये एफएमईएचं, म्हणजे काय बिघडू शकतं ते आधीच शोधायच्या पद्धतीचं नवं हँडबुक आलं, एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनांचं मिळून. तीन आकड्यांचा गुणाकार करून काढायचा जोखमीचा आकडा, आरपीएन, गेला आणि त्याजागी हाय-मीडियम-लो अशी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली. हे मी घरी वाचलेलं होतं, पण इंटरव्ह्यूत आपणहून काढायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

"आमच्या वातावरणात जमेल का?" या प्रश्नाला क्लासचं छापील उत्तर "आय अ‍ॅम व्हेरी अ‍ॅडॅप्टेबल". सर म्हणाले, उलट विचारा. डिस्पॅचची घाई असताना लॉट होल्ड कोण करतं? क्वालिटीची जबाबदारी असलेल्याला शिपमेंट आणि प्रॉडक्शन थांबवायचा अधिकार असला पाहिजे, असं आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डमध्येच लिहिलंय. "कागदावर सगळीकडे असतो. उत्तर देण्याआधी समोरचा माणूस प्रॉडक्शन हेडकडे बघतो का, तेवढं बघा." रांजणगावच्या इंटरव्ह्यूत मी हे खरंच विचारलं. समोरच्यांनी नाही बघितलं. तिथेच आता नोकरी करतेय. क्लासमुळे लागली का, हे मला सांगता येणार नाही.

आता उरलेल्या तक्रारी. दुसऱ्या मॉकला न सांगता दुसरेच गृहस्थ बसवले. त्यांना पीपीएपी (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची पद्धत) काय ते माहीत नव्हतं आणि सगळं इंग्रजीतच हवं होतं. चाकण-रांजणगावच्या खऱ्या इंटरव्ह्यूत निम्मं बोलणं हिंदी-मराठीतच होतं. लग्न झालंय का, मुलं किती, हे प्रश्न त्यांनी "सरावासाठी" विचारले, पण त्यांना कसं उत्तर द्यायचं ते काही सांगितलं नाही. रेझ्युमे दुरुस्तीवर तर एक रुपयाही घालवू नका. "डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल" ही ओळ आली आणि गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातली चूक, 30 टक्क्यांच्या वरून 10 च्या आत आणल्याची ओळ गेली. 30 च्या वर गेज नापास, 10 च्या आत पास, हे आमच्या धंद्यात पोराटोरांनाही माहीत असतं. माझ्या पानभर रेझ्युमेत तेवढी एकच ओळ वाचण्यासारखी होती. मी जुनाच रेझ्युमे पाठवला.

कॉलेजमधून नुकत्याच निघालेल्या मुलांना ग्रुप सेशन चालून जाईल. शॉप फ्लोअरवाल्यांनी अशा क्लासमध्ये पॅकेज न घेता सुटा मॉक मागावा. इथे तो 1,800 ला मिळतो, फक्त बोर्डावर लिहिलेला नाही. स्लॉट घेताना "मॅन्युफॅक्चरिंगवाले सरच हवेत" असं मेसेजमध्ये लिहून घ्या. ते शनिवारीच येतात आणि सकाळचे स्लॉट आधी भरतात.