कायम रात्रपाळी की फिरती पाळी?
कोल्हापुरात राहून ग्राहक सेवेचे काम करू पाहणाऱ्यांपुढे बहुधा दोन पर्याय येतात : अमेरिकी ग्राहकांसाठी कायमची रात्रपाळी किंवा देशी ग्राहकांसाठी दर आठवड्याला बदलणारी पाळी. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० झालेले असतात. म्हणजे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील घड्याळे बदलल्याने पडणारा हा एका तासाचा फरक सोडला, तर रात्रपाळीचे वेळापत्रक वर्षभर स्थिर राहते आणि शरीराला दिवसा झोपण्याची सवय लावता येते, अर्थात शेजारी लग्नाचा मांडव नसेल तर. फिरत्या पाळीत झोप स्थिरावते न स्थिरावते तोच पाळी बदलते. तिचा फायदा इतकाच, की काही आठवडे तरी घरच्यांबरोबर जेवता येते.

रात्री उशिरा केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बससेवेच्या, भरवशावर राहता येत नाही, त्यामुळे दोन्हींत वाहनाची चौकशी आधी करावी. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जेथे लागू आहे, तेथे रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत महिलांना त्यांच्या संमतीनेच काम देता येते आणि त्यांना घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाला करावी लागते.

माझा कल रात्रपाळीकडे आहे. मात्र पाळ्यांचा तक्ता पुरेसा आधी मिळत असेल आणि पाळी सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने सरकत असेल, तर लहान मुले असलेल्यांनी फिरती पाळी निवडावी.